धुराड्यातून जाणारा हिशेब

रात्रीच्या वेळी चेंबूरहून माहुलच्या दिशेने पाहिले, की उंच नळकांड्याच्या टोकावर हलणारी एक ज्योत दिसते. मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांनी ‘रिफायनरीची आग’ म्हणून हीच ज्योत ओळखली आहे. खरे तर कारखान्याचे काम या ज्योतीवर चालत नाही. नको असलेला किंवा एकाएकी सुटलेला वायू उंचावर नेऊन जाळून टाकायचा, एवढेच तिचे काम. कारखाना ज्या आगीवर चालतो, ती रस्त्यावरून दिसत नाही. पोलादी कवच आणि अग्निरोधक विटा यांच्या आत, भट्टीत ती कोंडलेली असते. भट्टीतल्या नळ्यांमधून कच्चे तेल वाहते, 350 ते 370 अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि शेजारच्या मनोऱ्यात शिरते. तिथे त्याचे पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे भाग वेगळे होतात. शंभर पिंपे तेल आत आले, तर साधारण पाच ते आठ पिंपांइतकी ऊर्जा कारखाना स्वतःच खातो, आणि त्यात मोठा वाटा या भट्ट्यांचा असतो.

तेलाच्या इतिहासात राजे, कंपन्या, युद्धे आणि वाळवंटे यांना पानेच्या पाने मिळाली. भट्टीला क्वचित एखादी ओळ मिळाली. तिच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीकडे पाहिले की एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा जाणवते. भट्टी कशी सुधारावी हे ज्ञान बहुतेक वेळा आधीच हाताशी होते. सुधारणा झाली ती वाया जाणाऱ्या गोष्टीचा हिशेब कोणीतरी मागितला तेव्हा.

सुरुवात कढईपासून झाली. एकोणिसाव्या शतकातले तेलशुद्धीकरण म्हणजे आडव्या ठेवलेल्या लोखंडी पिंपात तेल भरायचे, खाली जाळ करायचा आणि निघणारी वाफ थंड करून गोळा करायची. एक घाणा उतरला की भांडे निववायचे, खरवडायचे आणि पुन्हा भरायचे. गिऱ्हाइकाला हवे होते दिव्यासाठी रॉकेल. त्याच्या आधी निघणारे हलके, झटकन पेट घेणारे पेट्रोल ही तर डोकेदुखीच होती. अशा काळात, 1891 साली, व्लादिमिर शुखोव्ह आणि सर्गेई गाव्रिलोव्ह यांनी रशियात एक पेटंट घेतले. जड तेल दाबाखाली नळ्यांतून फिरवत तापवायचे, म्हणजे त्याचे मोठे रेणू फुटून हलके तेल मिळेल, अशी ती कल्पना होती. आजच्या भट्टीचा गाभा त्यात होता. पण हलके तेल हवे होते कोणाला? मोटारगाडी अजून बाल्यावस्थेत होती. पेटंट कागदावरच राहिले.

वीस वर्षांत चित्र पालटले. अमेरिकेत मोटारी वाढल्या आणि कालची डोकेदुखी आजचा सोन्याचा माल झाली. स्टँडर्ड ऑइलच्या इंडियानातील व्हायटिंग कारखान्यात विल्यम बर्टन आणि रॉबर्ट हम्फ्रीज हे दोन रसायनशास्त्रज्ञ जड तेलापासून पेट्रोल काढण्याच्या खटपटीत होते. दोघेही जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉक्टरेट. वातावरणाच्या पाच-सहापट दाबाखाली, 400 अंशांच्या आसपास तेल तापवले की ते फुटते, हे त्यांनी दाखवून दिले. एवढ्या दाबाखाली उकळत्या तेलाची भांडी उभारायला न्यूयॉर्कच्या संचालकांनी नकार दिला. 1911 साली न्यायालयाच्या आदेशाने स्टँडर्ड ऑइलचे तुकडे झाले, इंडियानाची कंपनी स्वतंत्र झाली आणि तिच्या संचालकांनी होकार दिला. 1913 साली बर्टनच्या भट्ट्या पेटल्या.

दूध बुडाला लागते तेव्हा काय होते, हे आपल्या घरात सर्वांना ठाऊक आहे. बर्टनच्या भांड्यात तेच होत होते, फक्त कित्येक हजार लिटरांच्या प्रमाणात. फुटणाऱ्या तेलातला कार्बन कोक होऊन बुडाला बसे. कोकाच्या थरातून उष्णता तेलापर्यंत पोचेना, मग बुडाचा पोलादी पत्रा स्वतःच तापत जाई, लाल होई, फुगे. भांडी रिव्हेटांनी सांधलेली होती. वेल्डिंगची कला अजून तेवढी विश्वासाची झाली नव्हती. सांध्यातून झिरपणारे 400 अंशांचे तेल हवेत येताच आपोआप पेट घेई. अशी गळती दिसली की चालू भट्टीपाशी जाऊन छिन्नी-हातोड्याने सांधे ठोकून बुजवायचे काम बॉयलर-कामगारांचे होते. पेटंटावर बर्टनचे नाव आहे आणि त्याच्या शोधाने कंपनीला अमाप पैसा दिला. हातोडा घेऊन जाळापाशी जाणाऱ्यांची नावे कुठल्याही पेटंटात नाहीत. पण ती पद्धत चालली, ती त्यांच्या हातांवर.

तेल एका जागी साचू दिले तर ते लागणारच, मग ते वाहते ठेवावे, हा पुढचा विचार. एडगर क्लार्क या स्टँडर्डच्याच कारखाना-प्रमुखाने भांडे आगीपासून दूर नेले आणि जाळात नळ्यांची जुडी ठेवली. तेल नळ्यांतून फिरू लागले. त्यापुढचे पाऊल डब्ज पिता-पुत्रांच्या पद्धतीने टाकले. तेलाच्या वेडाने झपाटलेल्या जेसी डब्ज यांनी मुलाचे नाव ‘कार्बन’ ठेवले होते, आणि मुलाने पुढे त्यात ‘पेट्रोलियम’ची भर घातली. त्यांच्या पद्धतीचा पहिला व्यापारी कारखाना 1922 साली इलिनॉयमधल्या वूड रिव्हर येथे सुरू झाला. त्यात तेल नळ्यांतून वेगाने तापवून पुढच्या मोठ्या पात्रात सोडायचे आणि कोक बसायचा तो तिथे, आगीपासून दूर. तापवण्याची जागा आणि कोक बसण्याची जागा वेगळी झाली. शुखोव्हच्या कागदावरची नळी तीस वर्षांनी कारखान्यात आली, आणि भट्टी दिवसरात्र अखंड चालू शकते हे दिसून आले.

आता नळ्या जळू लागल्या. यामागचे कारण समजायला शाळेतला धडा आठवावा लागेल. उष्णता तीन मार्गांनी जाते: वहन, अभिसरण आणि प्रारण. सुरुवातीच्या नळी-भट्ट्या आखणाऱ्यांनी भिस्त ठेवली ती अभिसरणावर. एका खोलीत इंधन जाळायचे आणि तापलेले वायू शेजारच्या नळ्यांच्या जुडीवरून न्यायचे. हिशेबाप्रमाणे सगळ्या नळ्या बेताच्या तापायला हव्या होत्या. प्रत्यक्षात ज्या पहिल्या ओळीला आग समोर दिसत होती, तीच फुटे, आणि मागच्या नळ्या कोमटच राहत. आगीने नुसते ‘पाहिले’ तरी नळी जळत होती. पदार्थ तापला की त्याच्याकडून निघणारे प्रारण केवलमानातल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, हा नियम स्टेफान यांनी 1879 सालीच मांडला होता. तापमान दुप्पट झाले, तर प्रारण सोळापट. नियम पुस्तकात होता, भट्टीच्या आराखड्यात नव्हता. आधी डागडुजी झाली. आग आणि नळ्या यांच्यामध्ये भिंत घाला, गरम वायूत थंड झालेला धूर परत मिसळा, असे उपाय केले गेले. म्हणजे तेल तापवण्यासाठी इंधन जाळायचे आणि मग ती आग मुद्दाम मंदही करायची.

कोडे सुटायला आणखी एक गोष्ट कळावी लागली. प्रारण फक्त पिवळ्या, झगझगीत ज्वालेतूनच येते असे वाटत होते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॉइट हॉटेल यांनी 1920च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुराच्या वायूंचे प्रारण मोजून त्याचे तक्ते तयार केले. नायट्रोजन आणि ऑक्सिजन या बाबतीत जवळजवळ निष्क्रिय असतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ मात्र तापली की चारी बाजूंना उष्णता फेकते. म्हणजे ज्वाला संपली तरी भट्टीची पोकळी रिकामी नसते. ती अदृश्यपणे धगधगत असते. 1932 साली विल्सन, लोबो आणि हॉटेल यांनी, आणि 1939 साली लोबो आणि इव्हान्स यांनी हे ज्ञान तेलाच्या भट्टीला लावले. दुसऱ्या निबंधात 19 भट्ट्यांवरच्या 85 चाचण्यांशी गणित ताडून पाहिले होते, आणि सरासरी फरक पाच टक्क्यांच्या आसपास होता. ही पद्धत पुढे अनेक दशके अभियंत्यांच्या हाताशी राहिली.

भट्टीचा चेहरामोहराच बदलला. शत्रू मानलेल्या प्रारणाला कामाला लावले गेले. आग मधोमध, तिच्याभोवती भिंतीलगत अंतर राखून नळ्यांची एकच ओळ. बहुतांश उष्णता इथेच शोषली जाई. मग उरलेला गरम धूर वरच्या भागातल्या दाट नळ्यांमधून जाई. या वरच्या नळ्यांना उष्णता पकडण्यासाठी बाहेरून पंख जोडलेले असत. दोहोंच्या सीमेवरच्या एक-दोन ओळी मात्र बिनपंखांच्या ठेवत, कारण त्यांना खालून आगही दिसते आणि वरून धूरही लागतो. नळीच्या आयुष्याचेही गणित झाले. क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या पोलादी नळ्या 1,00,000 तास, म्हणजे साडेअकरा वर्षांच्या जवळपास टिकतील अशा बेताने आखण्याची रीत पडली. ‘किती तापवायचे’ याच्या जोडीला ‘कुठे किती’ हा प्रश्न आला. एका नळीने सोसायचे तेच चार नळ्यांनी वाटून घ्यायचे, हेच या आराखड्याचे सार.

इतके ज्ञान हाती आल्यावर पुढची तीस वर्षे धुराड्याकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. तेल स्वस्त होते, आणि तेलाच्या कारखान्यात तर ते घरचेच. धूर 400 अंशांवर आभाळात सोडणाऱ्या भट्ट्या दुर्मीळ नव्हत्या. माहुलला स्टॅनव्हॅकचा कारखाना 1954 साली आणि बर्मा-शेलचा 1955 साली सुरू झाला, तो हाच स्वस्ताईचा काळ. धुराच्या उष्णतेने आत येणारी हवा तापवून घेण्याचे यंत्र स्वीडनच्या ल्युंगस्ट्रोम यांनी 1920च्या सुमारास बॉयलरांसाठी तयार केले होते. वीजघरांनी ते उचलले. तेल कारखान्यांना त्याची घाई वाटली नाही.

मग 1973 साल उजाडले. ऑक्टोबरात पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव जानेवारी 1974 मध्ये साडेअकरा डॉलरांच्या वर गेला, आणि धुराड्यातून जाणाऱ्या उष्णतेला एकदम किंमत आली. अभियंत्यांचा ठोकताळा साधा आहे: धुराचे तापमान 22 अंशांनी उतरवा, इंधनाची साधारण एक टक्का बचत होते. 400 अंशांचा धूर 180वर आणला तर दहा टक्के. दुसरी गळती हवेची. इंधन पुरते जळायला लागते त्याहून जास्त हवा आत गेली, तर ती फुकट तापून वर निघून जाते. धुरात 3 टक्के ऑक्सिजन सापडला तर जादा हवा 15 टक्क्यांच्या आसपास आहे असे समजायचे. म्हणून धुराड्यात ऑक्सिजन मोजणारी यंत्रे बसली, फटी बुजल्या, हवा तापवणारे जोड आले. पंचाहत्तर-ऐंशी टक्के कार्यक्षमतेच्या जागी नव्वदीच्या गोष्टी सुरू झाल्या. भारतात याच दशकात परदेशी कंपन्यांचे कारखाने सरकारच्या मालकीचे झाले, आणि 1978 साली इंधनबचतीसाठी पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनची स्थापना झाली. यातले भौतिकशास्त्र नवे नव्हते. नवी होती ती किंमत.

पण प्रत्येक बचतीने तिचे बिल दुसरीकडे पाठवले. धूर फार थंड केला तर त्यातल्या गंधकापासून बनलेले सल्फ्युरिक आम्ल थंड पोलादावर दवासारखे उतरते आणि पत्रा खाते; म्हणून धुराच्या तापमानाला खालची मर्यादा असते आणि इंधनात गंधक जितके जास्त, तितकी ती वर सरकते. आत येणारी हवा तापवली की ज्वाला अधिक गरम होते, आणि गरम ज्वालेत हवेतलाच नायट्रोजन जळून नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. कारखान्याने वाचवलेल्या इंधनाचे मोल मग शेजारच्या वस्तीच्या छातीने चुकवायचे. म्हणून आग टप्प्याटप्प्याने, पसरून जाळणारे वेगळे बर्नर आले. त्यांच्या ज्वाला लांबल्या, आणि त्या नळ्यांना चाटणार नाहीत ना हे नव्याने पाहावे लागले. हवा अगदी बेताची ठेवली तर अर्धवट जळलेला वायू भट्टीत साचू शकतो. अशा भट्टीत पुन्हा ठिणगी पडली तर स्फोट होतो. भट्टी पेटवण्याआधी आतला सगळा वायू हवेने किंवा वाफेने झाडून काढायचा, हा नियम त्यामुळे कार्यक्षमतेच्या सगळ्या आकड्यांच्या वर बसतो.

आता हिशेबात कार्बन आला आहे. 2016 साली भारतातले तेलशुद्धीकरण कारखाने केंद्राच्या ऊर्जा-लक्ष्यांच्या योजनेत आले, आणि भट्टीत हायड्रोजन जाळावा किंवा विजेने तेल तापवावे असे प्रयत्न जगभर चालू आहेत. हायड्रोजनच्या धुरात कार्बन नसतो, पण त्याची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही आणि तिची धग नायट्रोजनची ऑक्साइडे वाढवते. म्हणजे जुनाच प्रश्न नव्या रूपात आला आहे.

भट्टीच्या भिंतीत ठरावीक अंतरावर लहान झरोके असतात. इतकी मापनयंत्रे आली तरी पाळीवरचा माणूस दर पाळीला चेहऱ्यावर काच घेऊन त्यांतून आत पाहतो. ज्वाला सरळ उभी आहे का, एखाद्या नळीवर लालसर डाग पडला आहे का, हे तो पाहतो; असा डाग म्हणजे आत कोक बसल्याची पहिली खूण. बर्टनच्या काळी हा डाग पाहणारा माणूस हातोडा घेऊन आगीपाशी जात होता, आज तो बर्नर मंद करून नियंत्रण कक्षाला कळवतो. शंभर वर्षांतली प्रगती मोजायला मला हे एवढे अंतर पुरेसे वाटते. कार्यक्षमतेचे टक्के त्यानंतर येतात.