ठाण्याच्या उकाड्यात हीटर कुणाला हवा? पण जुन्या पिकअपमधला सैल हीटर कोर इंजिनच्या जिवावर उठू शकतो

मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला गाडीचा हीटर म्हटलं तर हसूच येईल. तरीही जुनी अमेरिकन बनावटीची पिकअप जपणाऱ्यांच्या घरी कधी ना कधी हा प्रश्न येतोच. डॅशबोर्डखाली डाव्या बाजूला खडखड आवाज येतो, खड्ड्यात गाडी गेली की तो वाढतो आणि एक दिवस पायाखालची मॅट ओली दिसते. पावसाचं पाणी आत आलं असेल, असं समजून लोक मॅट वाळत घालतात. ते पाणी बऱ्याचदा पावसाचं नसतं.

आधी हीटर कोर म्हणजे काय, ते बघू. आपल्याकडे गॅरेजमध्ये याला ‘हीटर कॉइल’ही म्हणतात. हा तांब्या-पितळेचा छोटा रेडिएटरच असतो. इंजिनमध्ये तापलेलं पाणी किंवा कूलंट एका होज पाइपमधून यात येतं आणि दुसऱ्या पाइपने वॉटर पंपाकडे परत जातं. मागून ब्लोअर हवा मारतो, ती कोरच्या जाळीतून जाताना गरम होते आणि पायांवर किंवा समोरच्या काचेवर येते. हा कोर एका पत्र्याच्या डब्यात बसवलेला असतो आणि तो डबा फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, नट-बोल्टने आवळलेला असतो.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे अशा गाड्या आल्या कुठून? तर फार लांबून नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला होता आणि तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्याखाली डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. (याच कंपनीचा डोंबिवलीजवळचा कारखाना १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ मुळे गाजला. डोंबिवलीकरांना तो आठवत असेल.) अशा जुन्या गाड्यांत हीटर बऱ्याचदा पर्यायी असायचा. त्यामुळे सगळ्यांत तो सापडत नाही, पण ज्यांच्यात आहे त्यांच्यात तो साठ-सत्तर वर्षांचा म्हातारा आहे.

कोर सैल का होतो?

डब्यात कोर घट्ट राहावा म्हणून कडेने फेल्ट किंवा फोमची पट्टी आणि वर पत्र्याच्या पट्ट्या असतात. फोमचा काही वर्षांनी भुगा होतो. पट्ट्या गंजतात, आणि खाडीकाठच्या दमट हवेत त्या लवकर गंजतात. मग कल्याण-शीळ रोडसारख्या रस्त्यावर प्रत्येक धक्क्याला कोर डब्यात आपटतो. त्याच्या दोन्ही नळ्या मात्र होज पाइपांनी इंजिनला बांधलेल्या. म्हणजे एक टोक हलतंय आणि दुसरं धरून ठेवलंय. सगळा ताण येतो नळी जिथे झाळलेली असते त्या जोडावर, आणि तिथे बारीक चीर पडते.

ही चीर छोटी असली तरी धोका छोटा नाही. केबिनमध्ये गोडसर वास, काचेच्या आतून चिकट धुकं, ओली मॅट ही पहिली लक्षणं. जोड अचानक सुटला तर उकळतं पाणी थेट शेजारी बसलेल्याच्या पायांवर येतं. आणि कूलंट हळूहळू कमी होत राहिलं तर मुंब्रा बायपासच्या चढावर इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. जुन्या इंजिनचे सुटे भाग मिळवणं म्हणजे काय दिव्य असतं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

कोरच हलतोय, हे कसं ओळखायचं?

इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडून फायरवॉलपाशी दोन्ही होज पाइप हाताने हलकेच पुढे-मागे करायचे. पाइपाबरोबर नळ्याही आत-बाहेर होत असतील तर कोर सैल आहे. पंख्याचा वेग बदलल्यावर खडखड बदलत असेल तर मात्र दोष ब्लोअरचा असण्याची शक्यता जास्त.

दुरुस्ती

पहिलं काम म्हणजे बॅटरीची अर्थची वायर काढणं. काही जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असतात आणि त्या काळच्या डॉजमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे ‘काळी वायर म्हणजे अर्थ’ असं धरून चालू नये. मग कूलंट एका घमेल्यात काढून घ्यायचं. ते गटारात ओतायचं नाही. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

खरी घाई होते ती होज पाइप काढताना. जुना रबर नळीला चिकटलेला असतो आणि मेकॅनिक पकडीने पिळतो. पातळ पितळेची नळी तिथेच फाटते. त्यापेक्षा पाइपाला ब्लेडने लांबीत चीर देऊन तो सोलून काढावा. होज पाइप नवा मिळतो, तसा कोर सहज मिळत नाही. डब्याच्या आसपास जुनं राखाडी पॅड असेल तर ते कोरडं खरवडू नये, त्या काळच्या उष्णतारोधक पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं.

कोर बाहेर आला की तो लगेच परत बसवायचा मोह टाळावा. रेडिएटरवाल्याकडे नेऊन आधी आतला गाळ साफ करून घ्यावा, मग कमी दाबाची हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे बघावेत. दाब जास्त दिला तर चांगला कोरही फुटतो. याच कारणाने रेडिएटरची कॅपही तपासावी. त्या काळच्या अनेक गाड्यांची मूळ कॅप ४ किंवा ७ पौंडांची असते आणि दुकानात सहज हाती पडते ती १३ ते १६ पौंडांची. अशी कॅप लावून कोर फोडून घेणारे कमी नाहीत.

बसवताना कडेने बंद छिद्रांच्या काळ्या रबर फोमची पट्टी लावायची. एसीच्या तांब्याच्या पाइपांवर जो फोम गुंडाळतात, तो एसीच्या सामानाच्या दुकानात मिळतो आणि इथे चालतो. साधा स्पंज नको, तो पाणी धरून ठेवतो आणि डबा गंजतो. फोममुळे कोर घट्ट बसतो, शिवाय हवा कडेने पळून न जाता जाळीतूनच जाते. वरच्या गंजलेल्या पट्ट्यांच्या जागी जस्ताच्या पत्र्याच्या नव्या पट्ट्या वाकवून घ्याव्यात. पट्टी आणि कोर यांच्यामध्ये रबर हवाच, कारण पितळ आणि लोखंड दमट हवेत एकमेकांना चिकटून राहिले तर लोखंड झपाट्याने खातं.

केबल टाय, एम-सीलचा गोळा किंवा पत्र्याचे लांब स्क्रू, हे तिन्ही ‘जुगाड’ इथे महागात पडतात. टाय उष्णतेने ठिसूळ होतो, एम-सील लावलेला कोर पुन्हा काढता येत नाही आणि स्क्रू तर थेट जाळीत घुसू शकतो.

फायरवॉलच्या भोकात नवे रबर ग्रोमेट आणि होज पाइपाला आधार देणारी एक क्लिप, एवढं केलं की नळ्यांवरचा ताण बराच कमी होतो. होज क्लॅम्प रबर दबेल इतकाच आवळावा.

की हीटर बंदच करून टाकावा?

ठाणे-कल्याणकडे सर्रास हाच सल्ला मिळतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. इंजिनकडची दोन्ही टोकं एका होज पाइपाने जोडली की पाणी कोरकडे न जाता फिरत राहतं. दोन्ही टोकं बूच मारून बंद करण्यापेक्षा हे बरं, कारण काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरायला हाच मार्ग असतो. पण पावसाळ्यात मुरबाडमार्गे माळशेज घाटात जाणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. धुक्यात काच आतून धुरकटते तेव्हा ती गरम करून साफ करायला हीटरसारखं दुसरं साधन या गाड्यांत नाही.

आणखी एक. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात आणि नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये आहे. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती चालत नाही. हीटर बायपास करणं हा काही त्या अर्थाने मोठा बदल नाही, तरी काढलेला डबा आणि कोर भंगारात न देता नीट गुंडाळून ठेवावा. मूळ सामानासकट असलेल्या गाडीला शौकिनांमध्ये वेगळा मान असतो.

कूलंट परत भरताना हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, नाहीतर कोरमध्ये हवा अडकते आणि नंतर पातळी अचानक खाली गेलेली दिसते. इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवून जोडांवर कोरडा कागद फिरवावा, बारीक गळती डोळ्यांआधी कागदाला कळते. मग एक फेरी मारून यावी. गाडी थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघावी आणि क्लॅम्प एकदा तपासावेत, कारण नवा रबर पहिल्या गरमीत थोडा दबतो.