तळटीप १७ : ‘तीही प्यायली होती’

१७. पात्राच्या तोंडचं हे वाक्य बलात्काराच्या कायद्यात बचाव ठरत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ नुसार (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ६३) नशेमुळे कृत्याचं स्वरूप आणि परिणाम समजू न शकणाऱ्या स्त्रीनं दिलेली संमती ही संमतीच नव्हे. पेला तिनं स्वतः उचललेला असला तरी. नुसता तोंडाला वास येणं पुरेसं नाही, समज हरपलेली असावी लागते. उलटतपासणीत सगळी ओढाताण होते ती इथेच : किती पेले घेतले, जिना कशी चढली, रिक्षावाल्याला पत्ता कुणी सांगितला. हे प्रश्न वाचतानाही जीव गुदमरतो. पुरुषाला स्वखुशीनं घेतलेल्या दारूची ढाल नाही. नकळत किंवा जबरदस्तीनं पाजली असेल, तरच जुन्या कलम ८५ चा आधार. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून होकार धरता येत नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीत आलं.