तळटीप : गोकाकचा धबधबा

* ‘गिरणीचा फॉल’ : मूळ मजकुरातला हा उल्लेख गोकाकच्या धबधब्याचा आहे. गोकाक गावापासून काही किलोमीटरवर घटप्रभा नदी सुमारे ५२ मीटर (१७० फूट) उंचीच्या, घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या कड्यावरून कोसळते. कड्यालगत गोकाक मिल्स ही सूतगिरणी आहे. १८८७ च्या सुमारास येथे धबधब्याच्या पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली. भारतातील जलविद्युतेच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. नदीवरचा सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल आणि काठावरची चालुक्यकालीन देवळे ही इतर आकर्षणे. जवळच मार्कंडेय नदीवर गोडचिनमलकी हा दुसरा धबधबा आहे.

निपाणीकडून येणारे संकेश्वरमार्गे मोटारीने येतात. रेल्वेने येणाऱ्यांना मिरज–बेळगाव मार्गावरचे गोकाक रोड स्थानक आहे. पाहण्याजोगा काळ जुलै ते सप्टेंबर. एरवी पाणी रोडावते आणि कड्याचा उघडा खडक दिसतो. लेखकाने मे महिन्यात पाहून धबधब्याला ‘नावाचाच’ म्हटले आहे, ते या दृष्टीने वाचावे. परतताना गोकाकची करदंट ही मिठाई आणि रंगीत लाकडी फळे घेण्याची प्रथा अजून टिकून आहे. — संपादक