वायूला जात नसते, वस्तीला असते

१४ जुलै २०१०. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर १९९७ पासून बेवारस पडलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला. शंभराहून अधिक लोक बाधित झाले. याला अपघात म्हणायचे? हे तेरा वर्षांचे दुर्लक्ष होते.

क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड. तो जमिनीलगत वाऱ्याबरोबर सरकतो, सखल जागी साचतो. डोळ्यांच्या, फुप्फुसांच्या ओलाव्यात त्याचे आम्ल होते. म्हणून नाल्याकाठची झोपडी आधी गुदमरते. तिथे कोणी राहायचे हे वारा ठरवत नाही, व्यवस्था ठरवते.

केळापूरच्या तरुणांनो, आपल्या तालुक्यात क्लोरीनचे सिलिंडर कुठे ठेवतात, वस्ती किती जवळ आहे, हे ग्रामसभेत विचारा. गळती झालीच, तर वाऱ्याला आडवे होऊन उंचावर जा.

जय भीम!