शंभर मैल, सरळ रेषेत

शंभर मैल, आणि तेही सरळ रेषेत मोजलेले. ब्रिटिश संसदेच्या १८८१ च्या आर्मी अ‍ॅक्टमध्ये, ४१ व्या कलमात, हे अंतर लिहून ठेवलेले आहे. सैनिकाने देशद्रोह, राजद्रोह, खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार असा गुन्हा खुद्द ब्रिटनमध्ये केला, तर कोर्ट मार्शलने त्याच्यावर खटला चालवायचा नाही. इतर माणसांप्रमाणे त्यालाही साध्या न्यायालयात उभे करायचे. साम्राज्यात इतरत्रही बहुतेक ठिकाणी हाच नियम होता, पण त्याला दोन पळवाटा होत्या. सैनिक त्या वेळी प्रत्यक्ष मोहिमेवर असेल, किंवा असा खटला चालवू शकणारे न्यायालय ज्या गावात आहे ते गाव गुन्ह्याच्या जागेपासून शंभर मैलांहून दूर असेल, तर लष्कराने आपला न्याय आपणच करावा.

आज भारतीय सेनेतल्या एखाद्या महिला अधिकाऱ्यावर तिच्याच सहकाऱ्याने बलात्कार केला, तर खटला कुठे चालेल? याचे उत्तर आर्मी अ‍ॅक्ट १९५० च्या कलम ६९ आणि ७० मध्ये आहे, आणि कलम ७० हे त्या शंभर मैलांच्या कलमाच्याच वंशातले. मैल गळून गेले, बाकीचा सांगाडा राहिला.

या घराण्याचे मूळ पुरुष आणखी मागे सापडतात. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड १३८५ मध्ये स्कॉटलंडवर चालून गेला, तेव्हा डरहॅम इथे त्याने फौजेसाठी नियम काढले. स्त्रीवर जबरदस्ती करणाऱ्याला फाशी, असा त्यात एक होता. स्वीडनच्या गुस्ताव्ह अडॉल्फने १६२१ मध्ये फौजेला जी कलमे लावली, त्यातही या गुन्ह्याला मरणाचीच शिक्षा होती. आपल्याकडे कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची शिस्त नोंदवली आहे. लष्करात बायको, बटीक, कलावंतीण बाळगणाऱ्याची गर्दन मारावी आणि परमुलखात बायकापोरे धरू नयेत, असा तिचा आशय. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली निघालेल्या लीबर संहितेचे ४४ वे कलमही व्यापलेल्या मुलखात बलात्कार करणाऱ्या सैनिकाला देहदंड सांगते.

या नियमांमागची कळकळ खोटी नव्हती. मात्र या सगळ्यांत स्त्री आहे ती फौजेच्या वाटेवरच्या गावातली, शत्रूच्या किल्ल्यातली, नाहीतर छावणीत आणून ठेवलेली. शिपायाच्या शेजारी उभी राहून हजेरीला नाव देणारी स्त्री नियम लिहिणाऱ्यांनी पाहिलेलीच नव्हती. मग तिच्यासाठी कलम कोण लिहिणार?

इंग्लंडात या नियमांना दुसरे वळण लागले ते राजा आणि संसद यांच्या भांडणातून. १६२८ च्या ‘पिटिशन ऑफ राइट’मध्ये संसदेने लष्करी कायद्याने माणसांचे न्याय करण्याविरुद्ध तक्रार केली. १६८९ मध्ये म्युटिनी अ‍ॅक्ट करून सैन्याला कोर्ट मार्शलचा अधिकार दिला, पण तोही मुदतीचा, वारंवार संसदेकडे येऊन वाढवून घ्यावा लागणारा. सैनिक झाला तरी तो देशाच्या साध्या कायद्यातून सुटत नाही, हे तत्त्व तिथे रुजले. अठराव्या शतकातल्या युद्धकलमांत तर असे होते की रयतेपैकी कुणावर गुन्हा करणाऱ्या शिपायाला दंडाधिकाऱ्याने मागितले आणि अधिकाऱ्याने दिले नाही, तर त्या अधिकाऱ्याचीच नोकरी जाईल. १८८१ चे कलम याच तत्त्वातून आले. नागरिकाचे रक्षण हा त्याचा हेतू होता आणि तो चांगला होता, असे मला मनापासून वाटते.

हिंदुस्थानात या चांगल्या हेतूचे काय झाले ते रंगूनमध्ये दिसले. १८९९ साली, ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानाचाच प्रांत असताना, रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटच्या सैनिकांनी एका ब्रह्मी स्त्रीवर सामूहिक बलात्कार केला. रेजिमेंटने प्रकरण दाबायचा प्रयत्न केला. खटला साध्या न्यायालयात उभा राहिला आणि आरोपी सुटला. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना या प्रकाराची इतकी चीड आली की त्यांनी अख्खी रेजिमेंट एडनच्या उन्हात पाठवून दिली. गुन्हेगाराला कोर्टाने सोडले, आणि व्हाइसरॉयने शिक्षा केली ती पलटणीला. त्या स्त्रीला यातून काय मिळाले? साधे न्यायालय दिले की न्याय मिळालाच असे नाही, हे रंगूनने दाखवून ठेवले आहे, आणि पुढचे वाचताना तेही ध्यानात ठेवायला हवे.

स्वतंत्र भारताने १९५० मध्ये स्वतःचा आर्मी अ‍ॅक्ट केला. त्याचे कलम ६९ म्हणते, की देशाच्या साध्या कायद्याने जो गुन्हा आहे तो सैनिकाने केला तर कोर्ट मार्शल त्याचा न्याय करू शकते. लगेच कलम ७० हात आवरते: खून, सदोष मनुष्यवध आणि बलात्कार हे तीन गुन्हे लष्करी, नौदल किंवा हवाई दलाच्या कायद्याखाली न येणाऱ्या व्यक्तीवर झाले, तर कोर्ट मार्शल नाही. पळवाटा तीन: सैनिक ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’वर असेल, गुन्हा भारताबाहेर घडला असेल, किंवा केंद्र सरकारने जाहीर केलेल्या सरहद्दीवरच्या ठाण्यावर घडला असेल. शंभर मैलांच्या जागी हे ठाणे आले. अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस म्हणजे फक्त युद्ध, असेही नाही. कलम ९ प्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढून कोणत्याही वर्गाच्या सैनिकांना कोणत्याही भागात अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर असल्याचे जाहीर करू शकते. अशांत भागांतल्या स्त्रियांना कलम ७० चे संरक्षण किती तोकडे पडते, ते यावरून कळावे.

आता उलट बाजू पाहू. गुन्हा झालेली स्त्री स्वतःच लष्करी कायद्याखाली असेल तर? मग कलम ७० ची मनाई तिला लागूच होत नाही. कोर्ट मार्शलही चालते, साधे न्यायालयही चालते, आणि दोन्हींपैकी कोणते, हे कलम १२५ प्रमाणे ठरवायचे डिव्हिजन, कोअर किंवा स्वतंत्र ब्रिगेडच्या कमांडरने. न्यायाधीशाला ते मान्य नसेल तर कलम १२६ प्रमाणे वाद केंद्र सरकारकडे जातो. तिला काय हवे, हे विचारण्याची सोय यात कुठेही नाही. छावणीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या बाईला कायद्याने जे दार हक्काने दिले, ते कुंपणाच्या आतल्या बाईला वरिष्ठाच्या मर्जीने मिळते.

‘१९५० साली सैन्यात बायका होत्याच कुठे?’ असे म्हणून या कलमाची बाजू घेता येत नाही. होत्या. शिकलेल्या दहा ब्रिटिश परिचारिका २८ मार्च १८८८ रोजी मुंबई बंदरात उतरल्या, तिथून भारतातल्या लष्करी परिचर्येचा इतिहास सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात विमेन्स ऑक्झिलरी कोअर उभी राहिली. १९४३ च्या वटहुकुमाने परिचारिकांना लष्करी कायदा लागू झाला. म्हणजे कायदा लिहिताना कायद्याखालच्या स्त्रिया वॉर्डांतून रात्रपाळ्या करत होत्या. १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टचे १२ वे कलम सरकारने मुभा दिल्याखेरीज स्त्रियांना सैन्यात घेता येणार नाही असे सांगते. म्हणजे मसुदा करणाऱ्यांनी स्त्रियांचा विचार केला होता, पण तो फाटकाशी अडवण्यापुरता. आत आलेलीवर आतल्याच कुणी हात टाकला तर काय, हा विचार झाला नाही.

फाटक १९९२ मध्ये परिचर्या आणि वैद्यकीय सेवेपलीकडच्या महिला अधिकाऱ्यांसाठी उघडले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांना पर्मनंट कमिशन देण्याचा निकाल दिला. कलम ७० जसेच्या तसे राहिले.

सप्टेंबर २०२१ मध्ये कोइंबतूरच्या हवाई दल प्रशासकीय महाविद्यालयात याची परीक्षा झाली. प्रशिक्षणासाठी आलेल्या एका महिला अधिकाऱ्याने सहकारी अधिकाऱ्यावर बलात्काराचा आरोप केला. आधी संस्थेत तक्रार, मग शहर पोलिसांकडे फिर्याद. पोलिसांनी त्याला अटक केली. हवाई दलाने त्याचा ताबा मागितला, कारण हवाई दलाच्या कायद्यातही हीच तरतूद शब्दशः आहे आणि फिर्यादी स्वतः त्या कायद्याखाली येते. काही दिवसांतच स्थानिक न्यायालयाने त्याला हवाई दलाच्या हवाली केले. बंदी असलेली ‘टू फिंगर टेस्ट’ आपल्यावर झाली असे तिने फिर्यादीत सांगितले होते. तशी तपासणी झालीच नाही, असे हवाई दल प्रमुखांनी जाहीरपणे म्हटले. आरोप खरा की खोटा हे मी इथे ठरवत नाही. पण कोइंबतूर हे काही बर्फातले ठाणे नव्हे. पोलीस तिथे होते, फौजदारी न्यायालय तिथे होते, १८८१ च्या मोजपट्टीनेसुद्धा लष्करी न्यायाची गरज नव्हती. तिच्या जागी कॉलेजशेजारची एखादी शिक्षिका फिर्याद घेऊन आली असती, तर हवाई दलाला तो ताबा मागता आला नसता.

कोर्ट मार्शलच्या बाजूने लष्कर जे सांगते त्यात तथ्य आहे. तुकड्या हलतात, साक्षीदार विखुरतात, साध्या न्यायालयात वर्षे जातात. पण कोर्ट मार्शलचे पंच त्याच सेनेचे अधिकारी असतात, आणि कलम १५३ प्रमाणे वरिष्ठाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय त्यांचा निकाल निकालच ठरत नाही. त्यात कलम १२२ ची मुदत. गुन्ह्याला तीन वर्षे उलटली की कोर्ट मार्शल चालत नाही. या मुदतीतून सूट आहे ती पळून जाणे, खोटेपणाने भरती होणे आणि बंड यांना. पलटण सोडून पळालेल्याला लष्कर कधीच विसरत नाही. बलात्काराला मात्र तीन वर्षांची मुदत. ज्या बाईची बदली, गोपनीय अहवाल आणि राहते घरही त्याच वरिष्ठांच्या हातात आहे, ती तीन वर्षांच्या आत तोंड उघडेल अशी अपेक्षा करणे मला निर्दयपणाचे वाटते.

याच घराण्याच्या दोन परदेशी शाखा काय शिकल्या, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत शांततेच्या काळात देशातल्या देशात झालेल्या खून आणि बलात्काराला कोर्ट मार्शलची मनाई होती. १९५० च्या नव्या लष्करी संहितेने ती काढून टाकली आणि खटला भरायचा की नाही हे कमांडरच्या हाती गेले. एप्रिल २०२० मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूडमधून व्हनेसा गियेन ही वीस वर्षांची सैनिक बेपत्ता झाली. एका सहकारी सैनिकानेच तिचा खून केला होता. दुसऱ्या एका वरिष्ठाने त्याआधी तिचा लैंगिक छळ केला होता आणि अधिकाऱ्यांनी त्याची दखल घेतली नाही, हे सेनेच्याच चौकशीत पुढे आले. त्यानंतर उसळलेल्या संतापामुळे डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला, आणि २८ डिसेंबर २०२३ पासून बलात्कारासारखे खटले भरण्याचा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे दिला गेला. कोर्ट मार्शल राहिले, पण कमांडरची मर्जी गेली.

ब्रिटन उलटे चालले. ज्या देशाने ही मनाई जन्माला घातली, त्यानेच २००६ च्या आर्म्ड फोर्सेस अ‍ॅक्टने ती उठवली. न्यायाधीश शॉन लायन्स यांनी २०२० मध्ये ती परत आणा म्हणून शिफारस केली. पुढच्या वर्षी खासदार सॅरा अ‍ॅथर्टन यांच्या समितीसमोर चार हजारांहून अधिक आजीमाजी महिला सैनिकांनी अनुभव मांडले, आणि बलात्काराचे खटले साध्या न्यायालयात न्या असे त्या समितीनेही सांगितले. सरकारने ऐकले नाही. त्याच २०२१ च्या जुलैमध्ये जेस्ली बेक या तोफखान्यातल्या १९ वर्षांच्या सैनिकेवर एका वरिष्ठ सार्जंटने हात टाकला. तिने ती रात्र गाडीत, दारे लावून घेऊन काढली आणि सकाळी तक्रार केली. पोलिसांना कळवले गेले नाही. त्या सार्जंटने माफीचे पत्र लिहिले आणि प्रकरण मिटवले गेले. डिसेंबरमध्ये तिने जीव दिला. सेनेने योग्य कारवाई न केल्याचा तिच्या मृत्यूत वाटा होता, असे २०२५ मध्ये मृत्युचौकशीत ठरले आणि त्यानंतर त्या सार्जंटला सहा महिन्यांची कैद झाली.

आपल्याकडे न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये सशस्त्र दलांच्या माणसांनी केलेले लैंगिक गुन्हे साध्या फौजदारी कायद्याखाली आणा, असे सांगितले. त्या वर्षी दंडसंहिता सुधारली तेव्हा तैनातीच्या भागात सैनिकाने केलेल्या बलात्काराला जादा कडक शिक्षा आली. कलम ७० आणि १२५ ला हात लागला नाही. २०२३ मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता केली, तिन्ही दलांच्या संयुक्त संस्थांच्या शिस्तीसाठी वेगळा कायदा केला, तेव्हाही नाही. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली शिकून बाहेर पडल्या. त्या आणि त्यांच्यामागून येणाऱ्या मुली याच कायद्यांखाली नोकरी करणार आहेत.

दुरुस्ती फार मोठी नाही. बलात्काराच्या बाबतीत, निदान शांततेच्या ठिकाणी, पीडिता कोणत्या कायद्याखाली आहे ही अट कलम ७० मधून काढावी लागेल, म्हणजे कलम १२५ मधली कमांडरची निवड आपोआप संपेल. जिथे कोर्ट मार्शल अटळ आहे तिथे खटला भरण्याचा निर्णय तिच्या पलटणीबाहेरच्या वकिलाकडे द्यावा लागेल. आणि कलम १२२ च्या तिसऱ्या पोटकलमात, पळून जाणे आणि बंड यांच्या रांगेत, बलात्कार हा शब्द घालावा लागेल.