नवजात शिशूंच्या मेदनाशाचा इतिहास

जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अर्भकाच्या पाठीवर, खांद्यांवर, मांड्यांवर किंवा गालांवर लालसर-जांभळट, टणक गाठी उठतात आणि काही आठवड्यांत वा महिन्यांत बहुधा आपोआप विरतात, अशा विकाराला ‘नवजातांमधील त्वचेखालील मेदनाश’ म्हणतात. मात्र हा सौम्य विकार दीर्घकाळ एका प्राणघातक रोगातच मोजला गेला.

तो रोग म्हणजे स्क्लेरेमा, ज्यात अर्भकाची कातडी अंगभर ताठरते. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ मायकेल अंडरवुड यांनी १७८४ च्या आपल्या बालरोगविषयक ग्रंथात त्याचे वर्णन केले. अशी बालके बहुधा अशक्त, अंग गार पडलेली असत आणि बहुतेक दगावत. साहजिकच कातडी घट्ट झालेले अर्भक दिसले की वैद्यांना हेच निदान सुचे, आणि एखादे मूल बरे झाले तर तो अपवाद ठरे.

१८८१ मध्ये लँगर या संशोधकाने मानवी मेदाचे रासायनिक पृथक्करण करून दाखवले की नवजाताच्या मेदात पामिटिक व स्टिअरिक ही संपृक्त आम्ले, म्हणजे अधिक तापमानाला वितळणारे घटक, प्रौढांपेक्षा जास्त असतात आणि पातळ राहणारे ओलेइक आम्ल कमी असते. त्यामुळे अंग गार पडताच थंडीतल्या तुपासारखा हा मेद थिजतो, हे समजले. पण हे स्पष्टीकरण दोन्ही विकारांना सारखेच लागू पडत असल्याने त्यातून भेद निघाला नाही. तो विसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाने दाखवला: मेदनाशात मेदपेशींमध्ये सुईसारख्या फटी दिसतात व भोवती दाहपेशींची दाटी असते, तर स्क्लेरेमात दाह जवळजवळ नसतो. प्रसूतीच्या चिमट्याचा दाब हेच मेदनाशाचे कारण मानणारेही होते, परंतु चिमटा न लागलेल्या बालकांनाही गाठी येत असल्याने हे मत अपुरे होते.

जन्मतः श्वास कोंडल्याने मेंदूला इजा झालेल्या बालकांचे शरीर ७२ तास सुमारे ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर ठेवण्याचा उपचार २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांनंतर रूढ झाला, आणि मेंदू वाचवणाऱ्या या गारव्यानंतर काही बालकांत मेदनाश पुन्हा दिसू लागला. गाठींतील दाहपेशी सक्रिय ‘ड’ जीवनसत्त्व तयार करत असल्याने रक्तातील कॅल्शियम धोकादायक वाढू शकते, म्हणून गाठी विरल्यानंतरही काही महिने त्याची तपासणी करावी लागते.