बसण्यासाठी नसलेल्या खुर्च्या

दक्षिण मुंबईतल्या कलादालनांत अलीकडे खुर्च्या, दिवे आणि मेजे चित्रांच्या पंगतीत मांडून विकली जातात. पितळेची ओतीव बैठक, दगडातून कोरलेला दिवा, दार कुठे आहे ते शोधावे लागेल असे कपाट. प्रत्येकावर करणाऱ्याचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, सोबत प्रमाणपत्र. किंमत मात्र विचारल्याशिवाय सांगत नाहीत. या वस्तू शिल्पासारख्या पाहायच्या आणि संग्रहासाठी घ्यायच्या, वापर दुय्यम. ही कल्पना बाहेरून आली असा सर्वसाधारण समज आहे. मायामीत २००५ साली अशा डिझाइनचा स्वतंत्र बाजार भरू लागला, युरोपातली लिलावगृहे त्यात होतीच, आणि मग ती लाट आपल्याकडे पोहोचली, असा हिशेब मांडला जातो. मला हा हिशेब कच्चा वाटतो. खुर्ची बसण्यापेक्षा पाहण्यासाठी घडवायची आणि दिवा उजेडापेक्षा आकारासाठी लावायचा, हे काम मुंबईत नव्वद वर्षांपासून चालू आहे. ते कुलाब्यात झाले नाही. मालाड, अंधेरी, चेंबूर आणि गोरेगावच्या स्टुडिओंत झाले, आणि तिथे त्याला कोणी कला म्हटले नाही, म्हणून त्याचा इतिहासही कोणी लिहिला नाही.

रंगवलेल्या पडद्यावरचा राजवाडा मराठी नाट्यरसिकाला चालत होता. कॅमेऱ्याला तो चालेना. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हे लवकर ओळखले. ते स्वतः चित्रकार आणि शिल्पकार. पडद्यांच्या जागी त्यांनी घडीव, त्रिमित सेट उभे केले आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाश वापरला, भारतीय चित्रपटातला तो पहिला वापर मानला जातो. मूर्ती घडवणारा हात आणि दिवा लावणारा हात आपल्याकडे असा सुरुवातीलाच एका माणसाचा होता. पुढे १९३४ साली हिमांशु रॉय आणि देविका राणी यांनी मालाडला बॉम्बे टॉकीज काढली. तिथे कॅमेऱ्यामागे जोसेफ विर्शिंग आणि सेटवर कार्ल फॉन श्प्रेती, असे दोघे जर्मन होते. काळ्या-पांढऱ्या फिल्मला सागवान आणि शिसम यांतला फरक फारसा कळत नाही; तिला कळते ती कड, चमक आणि सावली. त्यामुळे सेटवरचे सामान लाकडाच्या प्रतीवरून निवडून भागत नाही, ते बाह्यरेषेवरून निवडावे लागते. पात्राने तोंड उघडण्याआधी त्याची ऐपत, त्याचा माज किंवा त्याचे एकटेपण खुर्चीच्या पाठीने सांगायचे असते. शिल्पकार दगडाकडे ज्या नजरेने पाहतो, तीच नजर इथे सामानाकडे वळली. आणि हे कोणत्या काळात, तर बहुतेक बिऱ्हाडांत पाट, ट्रंक, घडवंची आणि फार तर एक लोखंडी खाट असे, तेव्हा. १९३७ साली मुंबईच्या टाउन हॉलमध्ये वास्तुरचनाकारांच्या संस्थेने आदर्श घराचे प्रदर्शन भरवले, त्याला गर्दीही झाली. पण गोल कडांचा सोफा आणि उभा दिवा हिंदुस्थानातल्या बहुसंख्य लोकांनी पाहिला तो चित्रपटगृहाच्या अंधारात.

या परंपरेचे सर्वांत मोठे उदाहरण अंधेरीत घडले. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहल मोहन स्टुडिओत उभा राहिला. कलादिग्दर्शक एम. के. सय्यद. लांबी १५० फूट, रुंदी ८० फूट, उंची ३५ फूट. बेल्जियमची काच, ती जडवायला फिरोजाबादचे कारागीर. उभारणीला दोन वर्षे आणि खर्च पंधरा लाखांच्या वर, म्हणजे त्या काळी एक अख्खा चित्रपट जेवढ्यात होई त्याहून जास्त. १९६० साली चित्रपट झळकला तेव्हा लोकांना आठवत राहिले ते एक गाणे आणि त्यातली हजारो प्रतिबिंबे. पण आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट आकड्यांत नाही, अडचणीत आहे. इतक्या आरशांत दिवे लावले की कॅमेऱ्यात नुसता झगमगाट येई, चित्र येत नसे. काचांवर मेणाचा पातळ थर देऊन पाहिला. शेवटी छायालेखक आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा उजेड थेट न टाकता कापडाच्या पट्ट्यांवरून परतवला आणि तो महाल कॅमेऱ्यात उतरला. खोलीच एक दिवा झाली होती आणि त्या दिव्याला वळण लावायला दुसरी कला लागली. आजचा प्रकाशशिल्पकार काच, पितळ आणि प्रकाशस्रोत यांचा जो मेळ घालतो तो याहून वेगळा कसा, हे मला कुणी तरी पटवून द्यावे.

हे अपवादाचे उदाहरण नव्हते. व्यक्तिचित्रकार म्हणून मोठे नाव असलेले एम. आर. आचरेकर यांनी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओसाठी ‘आवारा’चे स्वप्नदृश्य घडवले; त्यात पात्रे आकारांमध्ये हरवून जातात, सेट गोष्टीच्या मागे न राहता पुढे येतो. ‘कागज के फूल’चे कलादिग्दर्शनही त्यांचेच, आणि त्याच चित्रपटात व्ही. के. मूर्तींनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून रिकाम्या स्टुडिओत उजेडाचा जो खांब उभा केला तो आजही छायालेखनाच्या वर्गांत दाखवतात. नंतरच्या काळात खलनायकाची बैठक हा तर स्वतंत्र प्रकारच झाला. ‘शान’मधले शाकालचे फिरणाऱ्या आसनांचे मेज, किंवा बिजॉन दासगुप्तांनी कलादिग्दर्शन केलेल्या १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’तले मोगॅम्बोचे सिंहासन. ज्याच्या हातावर बोटे वाजवणे हेच मुख्य काम, अशा आसनाला फर्निचर म्हणणे कठीण आहे. मुलुंडच्या वामनराव मुरांजन शाळेत शिकलेले नितीन चंद्रकांत देसाई या ओळीतले अलीकडचे मोठे नाव. गोरेगावच्या चित्रनगरीत त्यांनी ‘देवदास’साठी उभारलेल्या पारोच्या हवेलीत रंगीत काचांचे लाखाहून अधिक तुकडे होते असे तेव्हा छापून आले. त्यांना कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, आणि ‘कौन बनेगा करोडपती’चा सुरुवातीचा सेटही त्यांचाच, त्यावरच्या उंच खुर्चीची मूळ कल्पना परदेशी कार्यक्रमातली, पण तिच्याइतकी प्रसिद्ध खुर्ची या देशात दुसरी नसावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे सगळे प्लायवूड, काथ्या, पीओपी आणि वरून सोनेरी रंग. मागच्या बाजूला गेलात तर खिळे आणि फळ्या. याला शिल्प म्हणायचे? म्हणायचे, कारण ज्याला जगाने शिल्प मानले तेही काही आतून भरीव नसते. मार्क न्यूसन या ऑस्ट्रेलियन डिझाइनरची ‘लॉकहीड लाउंज’ पाहा. १९८० च्या दशकात घडवलेला हा फायबरग्लासचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे रिव्हेट मारून बसवलेले. आरामासाठी तिची ख्याती नाही. १९९३ साली मडोनाच्या एका गाण्याच्या चित्रफितीत ती झळकली, आणि २०१५ साली लंडनच्या लिलावात चोवीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. वर चमकदार कातडे, आत हलका सांगाडा, आणि कीर्ती पडद्यावरून. अंधेरीतल्या कुठल्याही मोल्डरला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सेटवरची वस्तू गोष्टीची चाकर असते, स्वतंत्र नसते. शिवाय पुष्कळदा ती घडवलेली नसतेच, भाड्याने आणलेली असते. यातला दुसरा भाग मान्य करायला हवा. जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार त्यावरच पोसला आहे. मोडलेल्या बंगल्यांतली सागवानी कपाटे, पारशी घरांतल्या आरामखुर्च्या, झुंबरे, हंड्या, आणि जुन्या लाकडातून नव्याने केलेले ‘जुने’ सामान इथे शेजारी शेजारी असते. मालिकांचे आणि चित्रपटांचे प्रॉपर्टीवाले त्यातून दिवसाच्या भाड्याने उचलतात. पण निवड हीही घडणच. हजार खुर्च्यांतून कॅमेऱ्याला बोलेल अशी एक काढणे आणि तिच्यावर नेमक्या बाजूने दिवा टाकणे, यात डोळ्याचे काम हाताच्या कामाहून कमी नसते. पहिल्या भागाबद्दल एवढेच म्हणतो की देवळाच्या खांबावरची सुरसुंदरी देवळाच्या चाकरीतच असते. तिला शिल्प म्हणताना आपण कधी अडखळलो नाही.

मग दालनातल्या खुर्चीत आणि सेटवरच्या खुर्चीत फरक उरतो कुठे? टिकाऊपणात काही प्रमाणात, पण मुख्यतः कागदात. नाव, क्रमांक, साल, कोणी केले, कुणाकडे गेले: या नोंदीवर संग्रहाचा सगळा बाजार उभा आहे. चंदीगडमध्ये वास्तुरचनाकार पिएर जनरे यांच्या देखरेखीत झालेल्या सरकारी कचेऱ्यांच्या खुर्च्या अनेक वर्षे भंगार म्हणून लिलावात निघत होत्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, त्यांची वंशावळ लिहिली, आणि त्यांना लाखांचे मोल आले. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीवर बंधन घातले तोवर पुष्कळ माल देशाबाहेर गेला होता. उपनगरातच याचे उलट उदाहरणही आहे. विक्रोळीच्या गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाट बाजारात आणले, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांच्या वर मतपेट्या केल्या, आणि २००६ साली स्वतःचे अभिलेखागार काढले. कपाट हे काही शिल्प नव्हे. तरी त्याचा इतिहास आज कोणालाही तपासता येतो. शेजारच्या चेंबूरला आर. के. स्टुडिओला २०१७ च्या सप्टेंबरात आग लागली, जपलेले कपडे आणि प्रॉपर्टी जळाली, आणि दोन वर्षांत ती जागा बांधकामासाठी विकली गेली. मोहन स्टुडिओ राहिला नाही. बॉम्बे टॉकीजच्या आवारात छोट्या कारखान्यांचे गाळे आहेत. ओशिवऱ्याच्या बाजारात आग वारंवार लागते. २०२५ च्या फेब्रुवारीतही लागली.

सगळे सेट जपा, अशी मागणी वेडगळ ठरेल. सेट मोडायचेच असतात, नाही तर पुढचा उभा कुठे राहणार? पण मोडण्याआधी नोंद ठेवता येते. दादासाहेब फाळके चित्रनगरी राज्य सरकारची आहे, १९७७ पासून चालू आहे आणि तिच्याकडे पाचशे एकरांहून अधिक जमीन आहे, तेव्हा जागा नाही ही सबब चालणार नाही. तिथल्या प्रत्येक मोठ्या सेटची रेखाचित्रे, छायाचित्रे, कलादिग्दर्शकाबरोबरच सुतार, मोल्डर आणि रंगाऱ्यांची नावे, आणि निदान एक खुर्ची किंवा एक दिवा एवढे तिने ठेवून घ्यावे. आणि वाचकांपैकी कोणी ओशिवऱ्याला जुने सामान घ्यायला गेलेच, तर घासाघीस आटोपल्यावर ती वस्तू कुठून आली, कुठल्या सेटवर लागली होती, हे दुकानदाराला विचारावे आणि मिळालेले उत्तर तारखेसह तिच्या तळाशी लिहून ठेवावे.